माळकरणीची कासवं

तीन कासवं माझ्याकडे आली आणि त्यांतली दोन मी जगवली. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक गोष्ट अर्धवट ऐकतात आणि "एक मेलं ना?" एवढंच लक्षात ठेवतात. मेलं. माझ्याच चुकीने मेलं, तेही सांगणार आहे. पण ज्या दुष्काळात माणसं घागरभर पाण्यासाठी तासन्‌तास विहिरीवर उभी होती, त्या दुष्काळात नदीतली मऊ पाठीची दोन पिलं मी काचेच्या पेटीत, हिरव्यागार पाणवनस्पतींमध्ये वाढवली आणि डोहाला पाणी आल्यावर चांगली बशीएवढी करून परत सोडली. आमच्या नगर जिल्ह्यात तेव्हा असं दुसऱ्या कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. केलं असेल तर त्यांनी येऊन सांगावं, मी त्यांच्याही चुका काढीन.

मी पाथर्डीच्या बाजूची, तिसगावजवळच्या एका वस्तीवरची. घर माळकरी. मी सात वर्षांची असताना आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली, ती तेव्हापासून उतरली नव्हती. आमच्या घरात मांस-मासळी शिजणं दूरच. ज्या घरी ते शिजतं तिथलं पाणीसुद्धा आबा घेत नसत. एकादशीला ते देवळात प्रवचनाला बसत आणि आसपासच्या वस्त्यांवरची माणसं ऐकायला येत. अशा माणसाने मुलीला नगरला कॉलेजात घातलं म्हणून भावकीने नाकं मुरडली, तेव्हा "तुमची नाकं तुमच्यापाशी ठेवा" म्हणून आबांनी माझी ट्रंक स्वतः एस.टी.च्या टपावर चढवली होती. माझा तापटपणा कुठून आला ते यावरून कळावं.

मी बी.एस्सी. झाले ती वनस्पतिशास्त्र घेऊन. बेडूक चिरायच्या तासाला मैत्रिणीच्या टेबलाशी उभी राहिले, तिचं बघून आकृत्या काढल्या आणि निभावून नेलं. मग कर्जत तालुक्यात भीमेकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. खोली भाड्याची, जेवण माझं मीच रांधायचं, आणि गावातला प्रत्येक माणूस मला बाई म्हणायचा, माझ्या दुप्पट वयाचा असला तरी.

काचेची पेटी कासवांच्या आधीची आहे. पाण्यातली वनस्पती उन्हात प्राणवायूचे बुडबुडे सोडते, हा प्रयोग पुस्तकात होता आणि शाळेत तो आजवर फळ्यावरच होत आला होता. मला फळ्यावरचे बुडबुडे मान्य नव्हते. मी मुख्याध्यापकांच्या मागे लागले. शेवटी त्यांनी कंटाळून होकार दिला. कर्जतच्या बाजारात तसबिरींना काचा बसवणारे एक चाचा होते. देवांच्या तसबिरीही तेच मढवत आणि मक्केच्याही. त्यांनी लोखंडी अँगलचा सांगाडा करवून घेतला, त्यात काचा बसवून फटींत लांबी, म्हणजे लुकण, भरलं आणि मला बजावलं, "बेटी, पंधरा दिवस पानी भरून ठेव आन्‌ ते फेकून दे. लांबीचा वास गेल्याबिगर त्यात जीव घालू नको." मी दोनदा भरून दोनदा फेकलं. थेंबभर गळलं नाही.

वनस्पती मी डोहातून आणल्या. एक पाण्यात लांब फितीसारखी वाढणारी, एक बारीक पानांची, गुच्छ गुच्छ असलेली. नुसत्या वाळूत त्या टिकेनात, तरंगून वर यायच्या. संक्रांत नुकतीच झालेली होती. आळीतल्या बायकांकडून वाणाची रिकामी सुगडं मागून आणली, एकेका सुगडात माती भरून एकेक रोप लावलं, वर खडे दाबले आणि सुगडं वाळूत गळ्यापर्यंत पुरली. महिन्याभरात पेटी अशी हिरवी झाली की शेजारच्या वर्गातले मास्तर काही ना काही निमित्ताने प्रयोगशाळेत डोकावू लागले. मी त्यांना निमित्त विचारायची, तेवढाच माझा आनंद.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. दसऱ्यानंतर नदीची धार तुटली आणि डोह आटत आटत डबक्यावर आला. एके सकाळी डोहावरची भोईण मावशी शाळेत आली. ही बाई जाळं टाकायची, मासळी विकायची आणि बोलायला माझ्यासारखीच तिखट होती. तिने पदर उघडून टेबलावर तीन पिलं ठेवली. पेल्याच्या तोंडाएवढी, चपटी, पाठ कातड्यासारखी मऊ, तिच्यावर डोळ्यांसारखे चार गोल ठिपके आणि पुढे नळीसारखं नाक.

"बगळं टिपाया लागलं हुतं," ती म्हणाली. "मोठी आमी खातो, खोटं कशाला बोलू? पन ही लेकरं हायती. तुमच्या पेटीत पानी हाय. ठिवा."

"खातात काय ही?"

"काय खात्यात म्हंजी? मास खात्यात. झिंगं, बारकी मासळी, गांडुळं."

आता माझी चूक सांगते. मी तिला हसले. म्हटलं, मावशी, महादेवाच्या देवळात नंदीपुढे फरशीवर जे कासव असतं त्याला आपण पाया पडतो, ते काय मांस खाणारं असतं? तिने माझ्या गळ्यातल्या माळेकडे पाहिलं आणि निघून गेली. विज्ञानाची शिक्षिका मी, आणि मासे धरून पोट भरणाऱ्या बाईला कासव काय खातं ते शिकवत होते.

मी पिलांना भात घातला. भिजवलेली हरभऱ्याची डाळ घातली. काकडी किसून घातली, मेथीची पानं चुरून घातली, भाकरीचा मऊ चुरा घातला. पिलं वाळूत गडप व्हायची, फक्त नाकाची नळी बाहेर. मधून मान लांब करून पृष्ठभागावरची हवा घ्यायची आणि पुन्हा आत. माझ्या पक्वान्नांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. भात आंबला, पाणी गढुळलं, मी ते बदललं आणि दुसऱ्या दिवशी परत भात घातला.

शाळेचा शिपाई म्हणाला, "बाई, कशाला घालताय? कासवीची पिलं नजरंवर वाढत्यात." हा दाखला आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. कासवी पिलांना पाजत नाही. ती नदीच्या या तीरावरून त्या तीरावरच्या पिलांकडे नुसतं बघते आणि त्या मायेच्या नजरेवर ती वाढतात. आबा प्रवचनात हा दाखला द्यायचे तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी शिपायाला फटकारलं, हे शास्त्र नव्हे म्हणाले. आणि मधल्या सुट्टीत दार लोटून घेऊन, स्टुलावर बसून, त्या तीन नाकांकडे टक लावून बघत बसले. एकदा नव्हे, पाच-सहा दिवस. याची मला आजही लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणूनच लिहिते आहे.

बाराव्या की तेराव्या दिवशी सगळ्यांत लहान पिलू पाण्यावर तरंगत होतं. मान बाहेर लोंबत होती. मी मावशीला बोलावणं धाडलं आणि ती आल्या आल्या तिच्यावरच ओरडले की रोगट पिलू आणून दिलंस. तिने ते तळहातावर घेतलं, मागच्या पायापाशी, पोटाच्या कडेला अंगठ्याने दाबून पाहिलं. तिथे दाबायला काही उरलंच नव्हतं.

"रोग न्हाई बाई. उपाशी मेलं."

ती गेली. मी तासभर रडले आणि नंतर उन्हातून चालत डोहावर गेले. डबक्याच्या काठाला ती जाळं झटकत होती. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं, आता शिकव. तिने मला टोमणा मारला नाही. मी तिच्या जागी असते तर नक्की मारला असता. तिने डबाभर झिंगे दिले, पाणथळ माती कुठे उकरायची ते दाखवलं आणि म्हणाली, "घालायचं मात्र तुमीच. मी रोज कुठनं यीऊ?"

त्या संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातलं पहिलं गांडूळ कापलं. त्याआधी गळ्यातली माळ काढली आणि प्रयोगशाळेच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली. अठरा वर्षांत ती पहिल्यांदा उतरत होती. चिमट्यात तुकडा धरून पाण्यात सोडला, तर वाळूतून एक मान सपकन बाहेर आली, अंगापेक्षा लांब, आणि तुकडा गिळून आत गेली. पाठोपाठ दुसरी आली. मी एक अख्खं गांडूळ संपवलं, मग आणखी एक. हात साबणाने तीनदा धुतले, माळ घातली आणि खोलीवर जाऊन न जेवता झोपले. पण झोप चांगली लागली.

त्यानंतरचं मात्र मी ताठ मानेने सांगते. आठवड्याभरात मला पहिला धडा मिळाला, की खाणं पेटीतच घातलं तर उरलंसुरलं कुजून पाणी नासतं. मग मी एनॅमलचं एक पसरट तसराळं घेतलं. रोज पिलांना त्यात काढायचं, तिथेच खाऊ घालायचं, अर्ध्या तासाने परत पेटीत. दुसरा धडा, डोहातली वाळू जाड होती आणि त्यांच्या पोटाची मऊ कातडी खरचटत होती. माझी पिठाची चाळण गेली ती या कामी. सगळी वाळू चाळून बारीक केली. एकाच्या पाठीवर कापसासारखे पांढरे ठिपके आले तेव्हा मिठाच्या पाण्यात रोज थोडा वेळ ठेवलं आणि पेटीत एक कौल तिरकं लावून दिलं, सकाळचं ऊन पडेल असं. चार-पाच दिवसांत दोघंही त्या कौलावर चढून पाय ताणून पडायला शिकली. सुगडं ती रोज उकरायची, मी रोज परत पुरायची. वनस्पती एकही मेली नाही. उलट पाणी इतकं नितळ राहायचं की मागच्या भिंतीवरचा तक्ता पेटीतून वाचता यावा.

पाण्यावरून कुरकुर झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, माणसांना प्यायला नाही आणि तुम्ही कासवांना आंघोळी घालता?" मी म्हटलं, माझ्या वाटणीच्या पाण्यातली बादली मी त्यांना घालते, मी स्वतः तिसऱ्या दिवशी आंघोळ करते, सरांना वास येत असेल तर तसं सांगावं. कुरकुर तिथेच मिटली. पुढे तपासणीला साहेब आले तेव्हा हेच मुख्याध्यापक त्यांना हाताला धरून पेटीपाशी घेऊन गेले आणि "आमच्या शाळेची कासवं" म्हणाले. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. मला फार बरं वाटलं.

एकच गोष्ट मला खात होती. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पोस्टकार्डावर मी वनस्पतींबद्दल लिहायची, कासवांबद्दल लिहायची, ती काय खातात हे लिहायची नाही. आबांनी माळ घातली ती माझ्या वतीने जीवहत्या न करण्याचा शब्द देऊन. तो शब्द मी रोज खिळ्याला अडकवत होते. त्यांना कळलं तर ते रागावणार नाहीत, बोलणंच सोडतील, हे मला पक्कं माहीत होतं. एका चुलत्याशी ते असेच बोलायचे थांबले होते, तो मरेपर्यंत.

आणि ते आले. काही कळवलं नव्हतं. शाळा सुटलेली, मी तसराळ्यावर वाकलेली, एका हातात चिमटा, त्यात वळवळणारं गांडूळ. दारात आबा, कपाळाला गोपीचंदन, हातात पिशवी. त्यांनी आधी माझ्या गळ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या खिळ्याकडे.

"ही काय खात्यात?" त्यांनी विचारलं.

मी काही लपवलं नाही. चिमटा खाली केला. मान आली, गांडूळ गेलं.

"आबा," मी म्हणाले, "नजरेवर ठेवली होती. एक मेलं."

त्यांनी पिशवीतून आईने दिलेल्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या, "येतो" म्हणाले आणि चालू लागले. पाणीसुद्धा मागितलं नाही. मी मागे धावले नाही. मला दुःख झालं, आणि दुःखापेक्षा जास्त राग आला. एवढा देव देव करणारा माणूस, मरणाऱ्या जिवाला घास घातला तर पाठ फिरवतो? मी ठरवलं, बोलायचं नसेल तर न बोलोत, कासवं मी उपाशी मारणार नाही.

ठरवणं सोपं होतं. उन्हाळा चढला, डबकंही आटलं आणि मावशीचं घर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. झिंगे बंद झाले. मावशीने दाखवलेली पाणथळ जागा भेगाळली. शाळेच्या हौदामागे, विहिरीच्या काठाला, जिथे जिथे ओल असायची तिथे मी खुरपं घेऊन उकरून आले. चार ठिकाणी मिळून एक गांडूळ मिळायचं, तेही दोऱ्याएवढं. दोन कासवांत एक दोरा. मी पिलांच्या मागच्या पायांपाशी अंगठ्याने दाबून बघायची, मावशीने दाबलं होतं तसं. आठवड्याभरात अंगठा आत जाऊ लागला. आबांचं पत्र नव्हतं. आईचंही नव्हतं, कारण आईची पत्रं आबाच लिहायचे.

तिसऱ्या आठवड्यात आबा परत आले. शाळा भरलेली होती, मी वर्ग सोडून बाहेर आले. त्यांच्या हातात पत्र्याचा मोठा डबा होता, तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. प्रयोगशाळेत येऊन त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि फडकं सोडलं. आत काळी ओली माती आणि मातीत गांडुळं, जाडजूड, लालसर, मोजता येणार नाहीत इतकी. घरच्या न्हाणीच्या सांडपाण्यावर आईने अळू जगवलं होतं, सगळ्या वस्तीवर तेवढीच जागा ओली होती. ती आबांनी स्वतःच्या हाताने उकरली होती. नखांत माती अजून होती.

सवयीने मी माळ काढायला गळ्याकडे हात नेला.

"का काढतीस?" आबांनी विचारलं.

"गांडुळं कापायची आहेत."

"माळ काढून करावं लागतं ते पाप, पोरी. हे पाप हाय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे गळ्यात. त्या दिशी मला गांडुळाचं काय वाटलं न्हाई. माळ खिळ्याला बगितली, त्यानं वाईट वाटलं. माझी लेक चोरावानी काय करती, असं वाटलं. आन्‌ खरं सांगू का? एकादशीला कासवीचा दाखला आला, तवा जीभच वळंना. सोडून दिला."

मी पिलांना तसराळ्यात काढलं. आबांनी चिमटा मागितला. त्यांना तो धरता येईना, म्हणून त्यांनी बोटांनीच एक गांडूळ उचललं. मी ओरडले, आबा, चावतं ते, मान मागेपर्यंत वळते त्याची. त्यांनी ऐकलं नाही. मोठ्या कासवाने त्यांच्या बोटांतून गांडूळ ओढून घेतलं, आणि सत्तरीकडे झुकलेला तो माणूस मोठ्याने हसला. त्यांनी दोघांना पोटभर घातलं. मग हात धुतले, मी दिलेलं पाणी प्याले आणि स्टुलावर बसून पेटीकडे, हिरव्या फितींकडे, कौलावर चढणाऱ्या कासवांकडे बघत राहिले. "झाडं झ्याक लावलीस," म्हणाले. आबांकडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नव्हती.

मला वाटेतलं विचारायचं होतं. तिसगावहून नगर, नगरला गाडी बदलून इथवर, भर उन्हात, तो डबा मांडीवर घेऊन ते आले होते. गोपीचंदन लावलेल्या माळकऱ्याच्या मांडीवर फडकं बांधलेला डबा दिसला की गाडीत विचारपूस होणारच.

"परसाद हाय का, बुवा, असं इचारलं एकानं," आबा म्हणाले. "फडकं सोडून दावलं त्याला."

"आणि काय सांगितलंत?"

"गांडुळं हायती म्हनलं. माझी लेक मास्तरीन हाय, दुष्काळात कासवं जगवती, तिला लागत्यात. समदे सरकून बसले, मला ऐसपैस जागा झाली."

"लाज नाही वाटली, आबा?"

"लाज?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वर्गातला सोपा प्रश्न चुकले होते. "अगं, नगरपतोर सांगत आलो. आन्‌ नगरला गाडी बदलली, तवा तितल्या मानसांला कुनीच इचारना, म्हनून माझं मीच सांगितलं."